ट्रेलर घेताय? आधी शाकारणी शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ रेंटनला राहता, दोन मुलं आहेत, पुढच्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येणार आणि सगळ्यांनी मिळून यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं. त्यासाठी २०१७ सालचा, २४ फुटी, बंक-बेडवाला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर, साडेतेरा हजार डॉलरला बघून ठेवलाय. मालक छातीठोकपणे सांगतोय, ‘एक थेंबसुद्धा गळलेला नाही.’ त्यावर विश्वास ठेवावा का, त्यापेक्षा फायबरग्लासचा घ्यावा का, आणि घेतल्यावर गळू नये म्हणून काय करायचं?

मी तुमच्या जवळच, टाकोमाला असतो. गेली चौदा वर्षं लोकांच्या अंगणात जाऊन ट्रेलर आणि मोटरहोम दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातलं निम्म्याहून जास्त काम पाण्याचं असतं, म्हणून जरा लांबण लावतो.

मालक खोटं बोलत असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्याला खरोखरच पत्ता नसतो. घराचं छप्पर गळलं की खाली बादली ठेवावी लागते, त्यामुळे ते कळतं. ट्रेलरमध्ये पाणी छपराच्या कडेला एखाद्या स्क्रूपाशी शिरतं, भिंतीच्या आतल्या लाकडी चौकटीवरून खाली उतरतं, वाटेत इन्सुलेशनचा कापूस ते पिऊन घेतो आणि उरलेलं जमिनीच्या प्लायच्या कडेला जाऊन बसतं. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून विनाइलचा वॉलपेपर. ओलं लाकूड डब्यात झाकण लावून ठेवल्यासारखं. आत डाग दिसेपर्यंत दोन-तीन हिवाळे उलटलेले असतात.

त्यात आपला इथला पाऊस. आकडा बघाल तर किरकोळ: वर्षाला साधारण ९५० मिलीमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण मुंबईत ऑक्टोबरचं ऊन पडतं आणि भिंती खडखडीत वाळतात. इथे ऑक्टोबरात रिपरिप सुरू होते ती जवळजवळ मेपर्यंत, मध्ये उघडीप नावापुरती. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं, आणि नोव्हेंबरात भिजलेली चौकट इथे वसंतापर्यंत त्या आकड्याखाली येत नाही. त्यामुळे किती पाणी शिरलं यापेक्षा ते वाळायला किती अवधी मिळाला, हे मी आधी बघतो.

दुसरी गोष्ट, ट्रेलर हे चाकावरचं घर आहे. आय-९० हायवेवरून साठ मैलांच्या वेगाने पावसात ओढत नेता तेव्हा समोरच्या भिंतीवर तासन्‌तास झड लागलेली असते. पाणी आडवं येतं, प्रसंगी खालून वर चढतं. कोकणात पडवीला झाप लावतात ते याच झडीसाठी. शिवाय प्रत्येक खड्ड्याला सगळा सांगाडा पिळवटतो. छपराचं रबर तसं सहसा फाटत नाही. गळतात ते सांधे आणि भोकं: कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडक्या, छपरातले व्हेंट म्हणजे हवेचे झरोके, एसी, शिडीचे पाय, पुढचे-मागचे मार्कर लाइट, म्हणजे कडेचे छोटे दिवे. चोवीस फुटी ट्रेलरला अशी लहानमोठी भोकं शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाची राखण करणारं सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, उन्हाने, थंडीने, हादऱ्याने दरवर्षी थोडं थोडं मरत असतं.

माझं लहानपण राजापूरजवळच्या एका खेड्यात गेलं. मे महिन्यात घराची शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रीप कुजली असेल तर बदलायची, पुन्हा सगळं नीट रचायचं. गेल्या वर्षी गळलं होतं का, असं कोणी विचारत नसे. शाकारणी दरवर्षी, गळो न गळो. ट्रेलरचं सगळं तंत्र एवढ्यातच आहे. पण हे कळायला मला माझा पहिला ट्रेलर घालवावा लागला.

तो २००९ मध्ये घेतला, एकवीस फुटी. आतून लख्ख, लिंबाच्या सुगंधाची वडी टांगलेली, पुढच्या कोपऱ्यात नवा कोरा वॉलपेपर. मी खूश. त्या वर्षी गावाकडचे आमचे अण्णा इथे आले होते. त्यांनी सवयीने भिंतीवर बोटाची पेरं वाजवली, कलिंगड वाजवतात तशी. म्हणाले, “हे बद्द वाजतंय रे. शाकारणी केव्हा केलीस?” मी हसण्यावारी नेलं. फेब्रुवारीत पलंगाखालच्या कप्प्यातून काहीतरी काढताना कोपऱ्याला अंगठा टेकला तर तो सरळ आत गेला. भिजलेल्या खारीसारखं लाकूड. पुढची अख्खी भिंत उघडावी लागली. ती उघडता उघडता हा धंदा शिकलो, एवढाच फायदा.

तर आता तुमच्या ट्रेलरकडे.

बघायला पावसात जा, किंवा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मालकाला आधीच सांगा की खिडक्या उघडून, हीटर लावून ठेवू नका. दार उघडल्याबरोबर आत शिरून पहिला श्वास नाकाने घ्या. दोन मिनिटांत नाक सरावतं आणि मग काही कळत नाही. पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीचा वास आला तर तो वास कुठल्या कप्प्यात वाढतो ते शोधा. जोरदार एअर फ्रेशनर मारलेला असेल तर मी त्या ट्रेलरकडे जास्तच संशयाने बघतो.

बाहेरून सुरुवात करा. भिंतीच्या एका टोकाला उभं राहून डोळा भिंतीला समांतर धरून बघा, हातात टॉर्च तिरका. नुसत्या पत्र्याची नागमोडी भिंत असेल तर यातून फारसं कळणार नाही. पण गुळगुळीत फायबरग्लासच्या थरांची असेल तर फुगवटे, लाटा, बुडबुडे लगेच दिसतील. तिथे आतला पातळ प्लाय ओलीने सुटलेला असतो. मग वाजवून बघा: चिकटलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. असा फुगवटा बाहेरून सुई टोचून, गोंद भरून बरा होतो असं सांगणारे भेटतील. मी सोळा-सतरा वेळा तो प्रयोग केला आहे. पाण्याची वाट आधी बंद केली नसेल तर दोन वर्षांत फुगवटा शेजारच्या जागी पुन्हा उगवतो.

चारही कोपऱ्यांना उभ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या खाचेत एक विनाइलची फीत बसवलेली असते, स्क्रू झाकायला. ती आखडून वर-खाली स्क्रू उघडे पडलेत का बघा. एका ठिकाणी फीत हळूच वर करा. स्क्रू चकचकीत असेल तर छान, वरवर तांबूस असेल तर समजू शकतो. पण गंजून डोकं उडालेलं असेल, किंवा फिरवल्यावर लोण्यात फिरावा तसा नुसताच फिरत असेल, तर मागचं लाकूड गेलं. ही एकच चाचणी करायला मिळाली तरी मी करेन.

शिडी घेऊन छपरावर नजर टाका. सगळ्या ट्रेलरचं छप्पर माणसाचं वजन पेलत नाही, आणि ओलं रबर शेवाळलेल्या पाखाडीसारखं निसरडं असतं, तेव्हा वर चढायची गरज नाही. कडेला शिडी लावून चारही बाजूंनी बघा. व्हेंटभोवतीचं सीलंट भेगाळलंय का, कडा उचलल्यात का, स्क्रूच्या डोक्यावर टेंगळं आलीत का. फोन उंच धरून फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा. छपरावर सगळीकडे नवं कोरं सीलंट थापलेलं दिसलं तर आनंदू नका. कधी लावलं, का लावलं, आधी काय झालं होतं, हे विचारा. आणि ते पारदर्शक, चकचकीत, बाथरूममधल्या सिलिकॉनसारखं असेल तर किमतीतून हजार डॉलर मनातल्या मनात तिथेच वजा करा. कारण पुढे सांगतो.

मग आत. इथे घाई नको, तासभर लागू दे. वरच्या कपाटांची दारं उघडून आत, छत आणि भिंत मिळतात त्या सांध्यावर टॉर्च मारा. मालकाने बाहेरचा भाग रंगवला तरी कपाटाच्या आतला डाग लपवायचं तो विसरतो. पलंगाची गादी उचला. बंक-बेडच्या खालच्या कप्प्यात, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हात घाला. पुढे आरपार सामान ठेवायचा कप्पा असेल तर त्यात आडवे होऊन वर बघा. खिडक्यांच्या खालचे कोपरे, छपरातल्या व्हेंटभोवती. वॉलपेपरवर पिनांच्या रांगेने तपकिरी ठिपके दिसले तर आतल्या पिना गंजल्यात. कमोडभोवती आणि दारातल्या पायरीपाशी टाचेवर वजन देऊन उभे राहा. जमीन स्पंजसारखी दबायला नको. जमिनीखालून प्लास्टिकचं आवरण असेल तर ते कुठे पोटासारखं लोंबतंय का तेही वाकून बघा, त्यात पाणी साठतं.

मॉइश्चर मीटर घ्या, दोन सुयांचा, तीस-चाळीस डॉलरला मिळतो. आधी आतल्या एखाद्या कोरड्या भिंतीवर, समजा मधल्या पार्टिशनवर, आकडा घ्या आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. इथल्या हिवाळ्यात १०-१४ टक्के चालेल. एखादा कोपरा एकदम २० च्या वर गेला तर ते पाणी आजचं आहे. एक सूचना: बिनसुयांचे मीटर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर किंवा मागे वायर असेल तिथे उगाचच मोठा आकडा दाखवतात, त्यावरून मालकाशी भांडू नका.

उलटंही होतं. मीटर सगळीकडे ८ दाखवतो आणि तरी ट्रेलर गळका निघतो. माझी दोन गिऱ्हाइकं अ‍ॅरिझोनातून, युमा आणि फिनिक्सकडून स्वस्तात ट्रेलर घेऊन आली. लाकूड ठणठणीत, कारण तिथे पाऊसच नाही. पण उन्हाने सगळं सीलंट बिस्किटासारखं झालेलं. इथला पहिला नोव्हेंबर लागला आणि दोघांचेही फोन एकाच आठवड्यात. वाळवंटातला ट्रेलर घ्यायला माझी हरकत नाही, उलट मी तोच घेईन. फक्त इथे आणण्याआधी त्याचे सगळे सांधे नव्याने करायचे पैसे बाजूला ठेवेन.

पाणी आतूनही येतं, हे लोक विसरतात. टाकीत पाणी भरायला लावा, पंप सुरू करा, सगळे नळ बंद करा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं ऐकत बसा. पंप दाब भरून गप्प बसला पाहिजे. कोणी नळ न उघडता मध्येच ‘टर्र’ करून वाजला तर कुठेतरी पाणी निसटतंय. वॉटर हीटरच्या मागचे जोड, कमोडचा व्हॉल्व्ह, सिंकखालची सांडपाण्याची वाकडी नळी आणि बाहेरचा शॉवर, या क्रमाने कोरडा टिश्यू फिरवा. एखाद्या हिवाळ्यात नळ्यांमधलं पाणी काढायचं राहून गेलं असेल तर गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि प्लास्टिकचे जोड केसाएवढे तडकतात. ते डोळ्याला दिसत नाही, पंपाला कळतं.

एवढं सगळं करायची हिंमत नसेल तर प्रमाणित आरव्ही इन्स्पेक्टर, म्हणजे अशा चाकावरच्या घरांची तपासणी करणारे, मिळतात. काही जण ट्रेलर आतून हवेने फुगवतात: छपराच्या व्हेंटमध्ये पंखा बसवून आत किंचित दाब वाढवायचा आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात, तेच. साडेतेरा हजारांच्या खरेदीवर तीन-चारशे डॉलर त्यासाठी गेले तर मी त्याला खर्च म्हणणार नाही.

काय सापडलं तर सोडून द्यायचं? छपरातल्या व्हेंटजवळ जुना, कोरडा, टणक डाग असेल तर घाबरू नका, भाव करा. पण खालचे कोपरे मऊ लागले, म्हणजे भिंत जिथे जमिनीवर बसते तोच भाग, तर हात जोडून निघा. वरून आलेलं पाणी तळाला पोचलंय, याचा अर्थ मधलं सगळं त्याने पाहिलेलं आहे. एक कोपरा उघडून बांधायला वर्कशॉपमध्ये पाच-सहा हजार डॉलर सहज जातात आणि उघडल्यावर तो एकच कोपरा आहे असं मी अजून पाहिलेलं नाही.

फायबरग्लासबद्दल विचारलंत. यात दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लोक एकच नाव देतात. गुळगुळीत भिंतींचे नेहमीचे ट्रेलर हे थरांचे: बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत प्लाय किंवा प्लास्टिकसारखी कंपोझिट शीट, मध्ये फोम. प्लायऐवजी कंपोझिट असेल तर कुजायचं भय कमी, पण तेही सांध्यांनीच बांधलेले. दुसरे ते साच्यात ओतलेले, अंड्यासारखे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८च्या सुमारास बोलर नावाने सुरू झाले. आज अमेरिकेत मिनेसोटाचे स्कॅम्प, टेक्ससचे कसिटा वगैरे. दोन अर्धी कवचं एकमेकांवर ठेवून जोडलेली, डब्याला झाकण लावावं तशी, त्यामुळे छपराला आणि कोपऱ्यांना सांधेच नाहीत. गळतीच्या हिशेबाने याहून चांगलं काही नाही. खिडक्या, व्हेंट आणि रिव्हेट मात्र त्यांनाही असतात आणि तिथून तेही गळतात. पण सहा माणसं, त्यात आई-बाबांचे गुडघे, तुम्हाला ते सोळा-सतरा फुटांत जमणार नाही. शिवाय जुना झाला तरी भाव उतरत नाही. तेव्हा तुमच्यासाठी तो विचार मी सोडून देईन.

आणि नवा घेऊ का म्हणाल, तर नवा म्हणजे न गळणारा असं समजू नका. देशातले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बांधले जातात, भराभर बांधले जातात, आणि एखाद्या मार्कर लाइटखाली टेप बसवायची राहून जाते. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दर ९० दिवसांनी सगळं सीलंट तपासा असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मग पाणी शिरलं की ‘देखभाल केली नाही’ म्हणून वॉरंटी नाकारतात. नवा घेतलात तर दर तीन महिन्यांनी छपराचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आता घेतल्यावरचं. इथे लोक सीलंटची नळी उचलतात आणि जिथे शंका तिथे थापत सुटतात. थांबा. सांध्याचं खरं काम करते ती आतली ब्युटाइल टेप, चिकट मळलेल्या कणकेसारखी, खिडकीच्या किंवा व्हेंटच्या कडेखाली दाबून बसवलेली. वरचं सीलंट म्हणजे तिची छत्री. टेप वाळून सुटली असेल तर वरून कितीही थापा, पाणी वाट काढतंच. त्यामुळे शंका असलेली वस्तू काढायची, जुना चिकटा खरवडायचा, नवी टेप लावून पुन्हा बसवायची. एका व्हेंटला अर्धा दिवस जातो. वर्षाला दोन-तीन वस्तू अशा करत गेलात तर चार-पाच वर्षांत अख्खा ट्रेलर नवा होतो आणि कंटाळाही येत नाही.

वरच्या छत्रीसाठी छपराच्या सपाट भागावर स्वतः पसरणारं लॅप सीलंट, उभ्या कडांना न ओघळणारं. डायकॉर कंपनीचे दोन्ही प्रकार मी वापरतो. आधी तुमचं छप्पर कशाचं आहे ते बघून घ्या, ईपीडीएम रबर, की टीपीओ किंवा पीव्हीसी हे प्लास्टिकचे प्रकार, कारण प्रत्येकाला सगळं चालत नाही. ईपीडीएमवर रॉकेलच्या जातीचं काहीही लावू नका, पेट्रोलियम जेलीसुद्धा नाही, ते फुगतं. भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. सीलंट लावताना पृष्ठभाग कोरडा हवा आणि हवा ५० फॅरेनहाइटच्या वर. म्हणूनच माझी शाकारणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते, गावच्या मे महिन्यासारखी. मार्चमध्ये पुन्हा एकदा नुसती नजर. जुनं डायकॉर घट्ट बसलेलं असेल तर उपटायची गरज नाही. स्वच्छ करून त्यावरच नवं ओतता येतं.

आणि सिलिकॉन नको. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस कितीही म्हणाला तरी नको. त्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. वर्षाने कड सुटते, पाणी आत जातं, आणि मग कोणी नीट काम करायला गेलं की आधी तासन्‌तास ते खरवडत बसायचं. माझ्या बिलातला बराच पैसा पूर्वीच्या मालकाने पाच डॉलरच्या नळीत वाचवलेला असतो. फाटलेल्या छपरासाठी इटर्नाबॉन्डची टेप उत्तम, पण ती एकदा चिकटली की चिकटली. खाली ओल कोंडली तर ती कायमची कोंडलीत.

खिडक्यांच्या बाबतीत एक उलटा नियम. वरची कड आणि दोन्ही बाजू सील करायच्या, खालची मोकळी सोडायची. बाहेरून खिडकीच्या खालच्या अंगाला बारीक चिरा असतात, कधी त्यांवर काळी झडप. खिडकीच्या खाचेत साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. पावसाळ्याआधी टूथपिकने त्या साफ करा. उत्साही मालक त्या बुजवून टाकतात आणि मग खिडकी गळते म्हणून मला बोलावतात. एसीचंही तसंच: छपराच्या १४ इंची चौकोनी भोकावर तो नुसत्या फोमच्या गॅस्केटवर बसतो, आतून चार बोल्ट. गळला तर आधी आतून बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळा. गॅस्केट दबून पापड झाली असेल तर बदला. बाहेरून भोवती सीलंट थापू नका, एसीचं स्वतःचं पाणी तिथूनच वाहून जातं.

गळती सापडत नसेल तर आत जिथे ठिबकतं तिथे शोधत बसू नका, पाणी फिरून आलेलं असतं. कोरड्या दिवशी साधा होज घेऊन खालून सुरुवात करा, दहा मिनिटं एका पट्ट्यावर, मग थोडं वर, आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर मुळीच नको, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

तुमच्या ट्रेलरला स्लाइड-आउट, म्हणजे उभा केल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, आहे का ते लिहिलेलं नाहीत. असेल तर आत ओढण्याआधी दरवेळी त्याच्या डोक्यावरची फरच्या सुया, पानं आणि पाणी झाडून टाका. नाहीतर ते सगळं रबरी पट्टीखालून घरात येतं. लोक हे पहिल्या सहलीला करतात आणि तिसऱ्या सहलीला विसरतात.

कॅम्पग्राउंडच्या नळाला पितळी रेग्युलेटर लावा, नळाच्या तोंडाशीच, होजच्या आधी, आणि दाब ४५ ते ६० पीएसआयच्या दरम्यान ठेवा. काही ठिकाणी नळाचा दाब १०० च्याही वर असतो. आणि दिवसभर फिरायला निघताना नळ बंद करून जा. यलोस्टोनला ओल्ड फेथफुलचं गरम पाण्याचं कारंजं बघून परत येता आणि कारंजं स्वतःच्या बाथरूममध्ये, असं माझ्या एका गिऱ्हाइकाचं झालेलं आहे.

थंडीत वापरलात तर आणखी एक पाणी येतं ज्याला भोक लागत नाही. सहा माणसांचा श्वास, ओले कोट, आणि गॅसची शेगडी. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, आणि शेगडीची वाफ आतच राहते. सकाळी खिडक्या घामेजलेल्या, गादीखाली ओल. ‘छप्पर गळतंय’ म्हणून आलेल्या दर हिवाळ्यातल्या काही फोनांचं उत्तर एवढंच असतं. पोळ्या करताना पंखा लावा आणि छपराचं एक व्हेंट दोन बोटं उघडं ठेवा, गार वाटलं तरी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. अंगणात उभा असताना वीज असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र. बिनतापवलेल्या ट्रेलरमध्ये कंप्रेसरवाला थंडीत फारसं काम करत नाही, ओल शोषणारी पूड वापरणारा, डेसिकंट प्रकारचा घ्या.

उभा कुठे करणार? तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागे मोठा डग्लस फर, म्हणजे सुईसारख्या पानांचं झाड, दिसतोय. त्याच्याखाली नको: सुया पन्हळीत साचतात, शेवाळ धरतं, फांदी पडली तर छप्पर फाटतं. वरून पत्र्याची शेड करता आली तर माझं निम्मं उत्तर वाया गेलं तरी चालेल. ते जमत नसेल तर हवा खेळणारं कव्हर घ्या, निळी ताडपत्री नको. ती वाऱ्याने घासून छपराला भोकं पाडते आणि खाली ओल कोंडते. ट्रेलर अगदी सपाट उभा करू नका. पुढचं तोंड थोडं खाली किंवा वर ठेवा, म्हणजे छपरावर डबकं साचणार नाही. पन्हळीच्या टोकाला प्लास्टिकच्या चोची लावा, पागोळ्या भिंतीवरून ओघळण्याऐवजी लांब पडतील.

मालकाने तुम्हाला शनिवार किंवा पुढचा बुधवार दिला आहे म्हणता. शनिवारी दिवसभर पाऊस दाखवताहेत, तेव्हा शनिवारीच जा. जुनी पँट घाला, टॉर्च, मीटर, शिडी आणि एक स्क्रूड्रायव्हर बरोबर घ्या, आणि मुलांना घरी ठेवा, कारण त्यांनी बंक-बेड एकदा पाहिला की तुमचा भाव करायचा संपला. कोपऱ्याची फीत उचलून स्क्रूचे फोटो पाठवा, मी बघून सांगतो.